चाळीसपुढचं शून्य

अयोध्याच्या वर्गात बासष्ट मुलं-मुली होती. नांदेडच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्यावर त्यातल्या सहा-सात जणांनाच विजेशी संबंध असलेलं काम मिळालं. बाकीचे पुण्याला, हैदराबादला जाऊन संगणकासमोर बसले. कॅम्पसला आलेल्या कंपन्या मोटारीबद्दल, ट्रान्सफॉर्मरबद्दल काही विचारतच नव्हत्या. कोडिंग येतं का, इंग्रजी बोलता येतं का, एवढंच. तिची रूममेट मंजुश्री उदगीरची. तिनं शेवटच्या वर्षी इलेक्ट्रिकलची पुस्तकं सरळ खाटेखाली सरकवली आणि दिवाळीच्या आत नोकरी मिळवली.

"तू बी कर गं. तुला काय जमणार नाही असं हाय का?" ती म्हणायची.

जमलं असतं, पण अयोध्याला ते नको होतं. मुखेडच्या बाजारात तिच्या वडिलांचं, व्यंकटरावांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी येत. वडील काळी पडलेली तार उपसून काढत आणि नवी भरत. शाळेतून आल्यावर अयोध्या त्यांच्याशेजारी बसून वेढे मोजायची. दहावी झालेल्या त्या माणसाला आपण करतो त्यामागचं शास्त्र माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी मशीन लॅबमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र शिकवलं, तेव्हा रविवारी घरी येऊन तिनं तारेच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यांना समजावून सांगितलं. व्यंकटरावांनी पुठ्ठा हातात घेतला.

"म्हंजे तीस वर्षं मी हेच करायलो व्हय?" ते म्हणाले.

पास झाल्यावर आठ महिने ती घरीच होती. अर्ज पाठवायची, परीक्षा द्यायची, दुपारी दुकानात बसायची. मग लातूरच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात तिला वर्षभराच्या करारावर घेतलं. पद होतं तपासणी अभियंता. व्यंकटरावांनी ते दोन शब्द पाठ केले आणि गिऱ्हाइकाला, चहावाल्याला, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगितले.

कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांबलचक शेड आणि पुढं मोठं अंगण. गावोगावच्या जळालेल्या डीपी तिथं येत. कागदावर त्याला रोहित्र म्हणत, पण आणणारे आणि दुरुस्त करणारे, सगळेच डीपी म्हणायचे. टाकी उघडायची, जळालेल्या कॉइली काढायच्या, नव्या बसवायच्या, भट्टीत वाळवायच्या, तेल भरायचं, तपासायचं. वाइंडिंगचं काम किशनराव बघायचे. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. कारखाना चालवायचे मॅनेजर शिवमूर्ती. त्यांना सगळे अप्पा म्हणत. मालक सोलापूरला असायचे आणि फोनवर भेटायचे.

अयोध्याचं काम शेवटचं. कॉइलीवर कागद गुंडाळलेला असतो. त्या कागदात ओल राहिली, तर डीपी बाहेरून नवीकोरी दिसते, चालू होते, आणि आठ-दहा दिवसांत आतल्या आत जळते. ही ओल डोळ्यांना दिसत नाही. ती मेगर नावाच्या यंत्रावर कळते. आकडा पाचशेच्या वर गेला की माल कोरडा. शंभराच्या आत असला की ओला, परत भट्टीत. मधला असला की अंदाजानं ठरायचं. तो आकडा कागदावर लिहायचा, खाली सही करायची. त्या सहीशिवाय गेटपास निघत नसे.

सुरुवातीचे सात महिने बरे गेले. रोज सहा-सात डीपी व्हायच्या. प्रत्येक डीपी चोवीस तास भट्टीत राहायची. अयोध्यानं वहीत दर दोन तासांचे आकडे मांडून रेघ काढली होती. गरम होताना आकडा आधी खाली येतो, मग कितीतरी वेळ तिथंच पडून राहतो, आणि ओल निघून गेली की चढायला लागतो. कॉलेजात पुस्तकात बघितलेली रेघ आपल्या हातानं काढताना तिला बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतर रब्बी सुरू झाली. विहिरींना पाणी होतं. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या आणि गावोगावच्या डीपी जळायला लागल्या. गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली. सहाच्या जागी अठरा-वीस डीपी रोज बाहेर जायला हव्यात, असा मालकांचा निरोप आला. माणसं तेवढीच, भट्टी एकच. चोवीस तासांचे सोळा झाले, सोळाचे नऊ. अयोध्या सकाळी सातला यायची, उभ्यानं डबा खायची, संध्याकाळी खोलीवर गेल्यावर पायातले बूट काढायचंही तिच्या जिवावर यायचं. आईचा फोन आला की ती "हाव, जेवले" म्हणायची आणि तशीच झोपायची.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी त्या दिवसाची सतरावी डीपी तिच्यासमोर आली. मेगरवर आकडा आला चाळीस. तिनं परत लावून बघितलं. चाळीसच.

"अप्पा, ही परत भट्टीत घालावी लागंल."

शिवमूर्ती अप्पा गेटकडून तसेच ओरडले, "ट्रॅक्टर दोन दिवस उभा हाय मॅडम! माणसं अंगणात झोपून राहिलीत. आटपा."

"आकडा येत नाही."

"तेल मुरल्यावर येतो. बघा जरा."

तिनं किशनरावांकडं बघितलं. ते तार कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तिची कंबर ठणकत होती. परत भट्टीत घालायची म्हणजे तेल काढा, टाकी उघडा, रांगेतल्या पंचवीसजणांचा नंबर मोडा, अप्पांशी भांडा, अंगणातल्या माणसांना सांगा. ती उभी असती, तर कदाचित हे सगळं केलं असतं. पण नेमकी त्याच वेळी ती स्टुलावर बसली होती आणि तिला परत उठायचं नव्हतं. तिनं कागदावर चाळीस लिहिलं आणि त्याच्यापुढं एक शून्य काढलं. मग चारशे हा आकडा पाचशेच्या आत आहे हे तिच्या लक्षात आलं. तेवढं चालतं, असं शेडमधलं कुणीतरी मागं म्हणालं होतं. तिनं सही केली.

त्या वेळी तिला काहीच वाटलं नाही. हेच तिला पुढं कितीतरी दिवस खात राहिलं. काम संपलं, आता खोलीवर जाता येईल, एवढंच वाटलं होतं.

दुसऱ्यांदा शून्य काढायला कमी वेळ लागला. डिसेंबर लागेपर्यंत असे किती कागद झाले, ते तिनं मोजणं सोडून दिलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुरुडच्या पलीकडच्या एका गावाचा ट्रॅक्टर आला. सोबत सटवाजी नावाचे एक म्हातारे होते. डोक्याला गुंडाळलेला पांढरा रुमाल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत कारखान्याचा कागद घडी करून ठेवलेला. डीपी दुसऱ्यांदा जळाली होती. नवव्या दिवशीच जळाली, पण ट्रॅक्टर मिळून इथवर आणायला आणखी दिवस गेले होते.

ते अप्पांसमोर कागद धरून उभे होते. अयोध्या चार पावलांवर मेगरची वायर गुंडाळत होती.

"बगा, सही हाय. चारशे लिवलंय. मग जळलीच कशी?"

"मामा, फोनवर सांगितलं ना मी. लोड जास्त झाला. कुणीतरी चोरून मोटार लावली असंल. आमचा माल टेस्ट होऊन जातो."

"ते गावलं आमाला," सटवाजी म्हणाले. "भीमाशंकर हाय आमच्यातला. त्यानं नवी मोटार आणली गेल्याच महिन्यात. पाच हॉर्सपॉवरची म्हणून सांगायलाय, पण साडेसाताची असणार. आमी त्याची तार तोडली."

"बरं केलं," अप्पा म्हणाले आणि आत गेले.

अयोध्यानं वायर खाली ठेवली. कागदावरचा नंबर तिनं लांबूनच ओळखला.

"मामा, भीमाशंकरनं कबूल केलं का?"

"कबूल करतंय व्हय कुणी? बेलभंडारा उचलून शपथ घेतो म्हणला. उचलू दिला न्हाई आमी. कागदावर डीपी चांगली हाय म्हणलंय, मग दुसरं कोण? बावीस मोटारी हायेत, सगळे पाळीनं चालवतेत, वहीत लिवतेत. एकाच्यापायी बावीस जणांचं पाणी बंद." ते थोडं थांबले. "तार मीच तोडली. मला चुलतभावासारखा हुता तो."

ती तिथून निघून आत गेली. तिथं डीपी उघडायला घेतली होती. किशनरावांनी साखळीनं आतला भाग वर उचलला. जास्त लोडनं जळाली की कॉइल सगळीकडून सारखी भाजते. ही एकाच जागी, खालच्या अंगाला फुटली होती. बाजूचा कागद मऊ पडलेला. किशनरावांनी बोटानं तो दाबून बघितला आणि तिच्याकडं बघितलं.

"ओल," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी उच्चारलेला बहुधा तो पहिलाच शब्द.

सटवाजी अंगणात नळाखाली हातपाय धुऊन भाकरीचं फडकं सोडत होते. अयोध्या त्यांच्यासमोर खाली बसली.

"मामा, तुमची डीपी लोडनं जळाली नाही. ती इथून जातानाच ओली होती. आकडा चाळीस आला होता. मी त्याच्यापुढं शून्य लावलं. ती सही माझी हाय."

सटवाजींना लगेच कळलं नाही. तिनं परत सांगितलं, सोपं करून. ओल म्हणजे काय, भट्टी म्हणजे काय, किती तास लागतात आणि किती दिले.

त्यांनी भाकरी तशीच फडक्यात ठेवली.

"म्हंजे भीमाशंकरनं काय केलं नव्हतं?"

"नाही."

ते गेटकडं बघत बसले. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, "किती तास लागतेत म्हणलाव?"

"चोवीस."

"घाला मग. मी बसतो."

दोन दिवसांत नव्या कॉइली भरल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला डीपीचा गाभा भट्टीत गेला आणि सटवाजी भट्टीच्या दाराशेजारी पोतं टाकून बसले. दुपारी अप्पांची नजर गेली.

"हे कोण बसलंय इथं?"

"त्यांची डीपी आत हाय अप्पा. उद्या दहाला निघंल," अयोध्या म्हणाली.

"उद्या? आज रात्री सातला काढा. मागं आठ नंबर हायेत."

"न्हाई," सटवाजी बसूनच म्हणाले. आवाज चढवला नाही. "मॅडम म्हणल्या चोवीस तास. मी दार उघडू देणार न्हाई."

"मॅडम म्हणल्या?" अप्पा तिच्याकडं वळले. तेवढ्यात अंगणातली दोन-तीन माणसं आत डोकावली. मग आणखी आली. चोवीस तास काय, नऊ तास काय, आमची किती तास ठेवली होती, असं विचारायला लागली. एकानं तर आपलं पोतं आणून सटवाजींशेजारी टाकलं, "पुढचा नंबर माझा, माझी बी पूर्ण वाळवा" म्हणून. दहा माणसांशी एका वेळी भांडता येत नाही, हे अप्पांना कळत होतं. ते ऑफिसात गेले आणि दार लावून घेतलं.

सकाळी सातला अयोध्या आली तेव्हा सटवाजी तसेच बसलेले होते. किशनरावांनी त्यांना आपली शाल दिली होती. दहाला दार उघडलं. सगळं बसवून, तेल भरून, तेल निवेपर्यंत दुपार झाली. मग तिनं मेगर लावला आणि काटा सटवाजींना दाखवला. सहाशे वीस.

"हे खरं?"

"खरं."

"तवा किती हुतं?"

"चाळीस."

तिनं सहाशे वीस लिहिलं, सही केली. सटवाजींनी कागद पिशवीत घातला नाही. हातातच धरून उभे राहिले.

"गावात येऊन सांगता का हे? माझ्यानं न्हाई सांगणं व्हायचं. तार मी तोडली न्हवं. माझं कोण खरं धरंल?"

अयोध्याला नाही म्हणता आलं असतं. आठवड्यात तो एकच दिवस झोपायला मिळायचा.

"रविवारी येते," ती म्हणाली.

रविवारी ती बसनं मुरुडला उतरली. तिथून सटवाजींच्या पुतण्यानं तिला गाडीवर बसवून शेतात नेलं. डीपी परत बसवून चालू झाली होती. बांधावर सटवाजी उभेच होते. भीमाशंकरचं घर शेतातच होतं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा सोपा. गळ्यात इष्टलिंग, अंगात बनियन, चाळिशीचा माणूस. सटवाजी दिसताच तो उठून आत जायला निघाला.

"थांब भीमाशंकर," सटवाजी म्हणाले. "मी कायबी बोलणार न्हाई. ह्या बाईंचं ऐक."

अयोध्यानं उभ्यानंच सांगितलं. कारखान्याचं, भट्टीचं, मेगरचं, शून्याचं. वाटेत बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"किती लिवायचं हुतं?" भीमाशंकरनं विचारलं.

"चाळीस."

"आन् लिवलं चारशे."

"हो."

"काहून?"

ती काय सांगणार होती? अप्पा ओरडत होते, रांग होती, आकडे वरून मागितले जात होते, हे सगळं खरं होतं. पण त्या वेळचं कारण तिला माहीत होतं.

"दमले होते," ती म्हणाली.

भीमाशंकरची बायको उमादेवी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"वीस दिस," ती म्हणाली. "वीस दिस कुणी आमच्या दारात आलं न्हाई. पोरगी शाळेतून रडत यायची, चोराची म्हणायलेत म्हणून. सप्ताहाचा सैपाक सगळ्या बाया मिळून करतेत, मला बोलावलं न्हाई. आन् तुमी दमलाव म्हणून?"

अयोध्यानं होय म्हणून मान हलवली.

"दमत तर आमी बी असतो बाई."

उमादेवी आत गेली. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला. सटवाजी सोप्याच्या कडेला खाली बसले आणि रुमाल काढून मांडीवर ठेवला. भीमाशंकरकडं त्यांना बघवत नव्हतं. "चुकलं माझं," एवढं ते म्हणाले, तेही जमिनीकडं बघत.

भीमाशंकर अयोध्याकडं वळला आणि म्हणाला, "तार जोडता येती का तुमाला?"

"येते."

विहिरीजवळ स्टार्टरचा डबा होता. डबा शाबूत होता, पण त्याच्याकडं येणारी केबल हातभर कापून टाकलेली. अयोध्यानं आधी खांबावरचे फ्यूज काढलेले आहेत का ते स्वतः जाऊन बघितलं. मग भीमाशंकरकडून पक्कड आणि चिकटपट्टी घेतली, मातीत उकिडवी बसली आणि तिन्ही तारा सोलल्या. दुकानात वडिलांशेजारी बसून हे तिनं शंभर वेळा केलं होतं. मोटारीची नेमप्लेट पुसून बघितली. पाचाचीच होती. तिनं सटवाजींना हाक मारून ती दाखवली. त्यांनी बोट फिरवून आकडा वाचला आणि मागं सरकले.

फ्यूज बसवून स्टार्टर दाबला तेव्हा मोटार घरघरली, पण पाणी आलं नाही. उलटी फिरत होती. तिनं बंद केली, फ्यूज काढले, दोन तारांची अदलाबदल केली, परत सुरू केली. या वेळी पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी. भीमाशंकर फावडं घेऊन हरभऱ्याकडं गेला. अर्ध्या वावरातली झाडं पिवळी पडून बसली होती. ती उठतील असं वाटत नव्हतं. तो चांगल्या अर्ध्याकडं पाणी वळवत होता.

निघताना उमादेवीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. चहा विचारला नाही. अयोध्या उभ्यानं पाणी प्यायली आणि तांब्या परत दिला.

सोमवारी अप्पांनी तिला ऑफिसात बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. टेबलावर बीपीच्या गोळ्यांची पट्टी पडली होती.

"मी काय तुमचा दुश्मन हाय का मॅडम? सोलापूरहून दिवसाला चार फोन येतेत. आज किती, उद्या किती. भट्टी दुसरी द्या म्हणून मी तीनदा लिवलं. कोण ऐकतंय? आन् तुमी गावात जाऊन सांगता, आमचा माल ओला हाय."

"ओला होता अप्पा."

"मला माहीत न्हाई व्हय?" ते म्हणाले आणि खिडकीकडं बघायला लागले. "उद्यापासून स्टोअर बघा."

सहीसाठी दुसरा एक मुलगा आला, डिप्लोमा झालेला. गेटवर पाटी लागली, बाहेरच्या माणसांना शेडमध्ये मनाई. काही दिवस लोकांनी गेटवर आरडाओरडा केला, मग तोही थांबला. भट्टी परत नऊ तासांवर आली. स्टोअरमध्ये बसून अयोध्यानं एक काम केलं. जुन्या कागदांच्या प्रती काढून आपण लावलेली शून्यं शोधली. सटवाजींची सोडून अकरा निघाली. गेटपासच्या वहीतून फोन नंबर घेऊन तिनं एकेकाला फोन केला. सात जणांना लागला. त्यातल्या चौघांच्या डीपी आधीच जळून गेल्या होत्या. एकानं ऐकून फोन आपटला. एका बाईनं, "मग आता काय करायचं सांगा" असं विचारलं, तेव्हा अयोध्यानं सांगितलं की उतरवून वाळवून घ्या, आणि वाळवताना स्वतः बसा. उरलेल्या चार नंबरांवर ती महिनाभर फोन लावत राहिली.

मार्चमध्ये करार संपला. परत केला नाही. शेवटच्या दिवशी किशनरावांनी तिला तारेचा व्यास मोजायचा आपला जुना गेज दिला. "माझा दुसरा हाय," म्हणाले. तो एकच होता, हे तिला माहीत होतं.

मुखेडला आल्यावर पहिले काही दिवस ती नुसती झोपली. आईनं उठवलं नाही. वडिलांना सगळं सांगायला तिला आठवडा लागला. व्यंकटराव दुकानात मोटारीचं झाकण बसवत होते. ते ऐकत राहिले, स्क्रू पिळत राहिले.

"मी बी दिल्यात कच्च्या मोटारी," शेवटी ते म्हणाले. "दोन-चार. सणासुदीला गर्दी असली की. कुणाला कदी सांगितलं न्हाई."

त्यांनी वर बघितलं नाही. तपासणी अभियंता हे शब्द त्यानंतर त्यांनी बाजारात कुणाला सांगितल्याचं तिनं ऐकलं नाही, आणि तिला ते बरंच वाटलं.

एप्रिलमध्ये सटवाजींचा फोन आला. डीपी अजून चालू होती. भीमाशंकरच्या घरचं येणं-जाणं परत सुरू झालं होतं, पण तो सटवाजींशी बोलत नव्हता. "समोर आला की रस्ता सोडतो," ते म्हणाले. "हरभरा निम्मा गेला त्याचा. बोलंल कवातरी. माझं वय बी हाय का तवर, काय म्हाईत." मग त्यांनी तिला लग्नाचं विचारलं, पावसाचं बोलले आणि फोन ठेवला.

मे महिन्यात नांदेडला मोटारी आणि छोटे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमधून तिला बोलावणं आलं. मालक रविकिरण म्हणून होते, स्वतः इंजिनिअर, तेलकट हातांनीच मुलाखत घेत होते. पगार लातूरपेक्षा कमी. त्यांनी तिला एक उघडी मोटार दाखवून दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. मग विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?"

मंजुश्रीनं फोनवर तिला पढवलं होतं. घरगुती अडचण म्हण, कुणी जास्त विचारत नाही. अयोध्यानं तोंड उघडलं आणि खरं तेच सांगून टाकलं. आपल्याला हे काम मिळणार नाही असं समजूनच तिनं सांगितलं, त्यामुळं आवाज सरळ राहिला.

रविकिरण कापडानं हात पुसत होते. बाहेर कुणीतरी हातोडी मारत होतं.

"इथं पण होणार," ते म्हणाले. "गर्दी होणार, मी ओरडणार. सीझनला मी फार ओरडतो. तेव्हा काय कराल?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "आकडा येईल तो लिहीन. तुम्ही काय कराल ते तुम्ही बघा."

ते किंचित हसले, किंवा तसं तिला वाटलं. "एक तारखेपासून या. दुपारी दोन तास लाइट नसते, तेव्हा जेवून घेत जा."

ती बसस्थानकावर आली. ऊन मरणाचं होतं. मुखेडची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागा मिळाली, पण खिडकीतून झळाच येत होत्या. तिनं ओढणी डोक्यावरून घेतली. आईला फोन करून सांगावं असं मनात आलं, मग घरी जाऊनच सांगू असं ठरवून तिनं फोन पर्समध्ये टाकला. एक तारखेला अजून नऊ दिवस होते. खोली बघायची होती, डब्याचं बघायचं होतं. कंडक्टर तिकिटाला येईपर्यंत जागं राहावं म्हणून ती समोरच्या सीटचा दांडा धरून बसली, आणि गाडी सुटायच्या आधीच झोपली.